थोरलीची कुंडी आणि गिरणीचं सूत

किडे खाणारी झाडं सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या बोटांकडे बघतो. सगळी शाबूत आहेत. एका बोटाचं पेर जरा वाकडं आहे, पण ते गिरणीतल्या साच्यात, म्हणजे कापड विणायच्या मागात, सापडलं होतं. झाडांनी मला कधी ओरबाडलंसुद्धा नाही.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो. 'ते झाड तोंड बंद करतं का हो?' आमच्याकडची झाडं तोंड बंद करत नसत. घटपर्णीच्या पानाचं टोक लांबत जातं, त्याची बारीक दोरी होते आणि दोरीच्या शेवटी एक सुरई लटकते. वर झाकण असतं, पण ते पाऊस आत पडू नये म्हणून. एकदा उघडलं की पुन्हा मिटत नाही. सुरईच्या काठाला गोड वास असतो. माशी येते, काठावर बसते, पाय घसरतो आणि आतल्या पाण्यात पडते. तिथे ती विरघळते आणि झाडाला खायला मिळतं. एवढाच सगळा प्रकार आहे.

गोरेगावात आमच्या रोपांच्या बागेच्या पलीकडेच सिनेमाचे स्टुडिओ होते. एकदा तिथला एक सेटवाला स्कूटरवरून आला आणि म्हणाला, "काका, आदमी खानेवाला प्लांट है ना तुम्हारे पास?" मी त्याला आमच्या सगळ्यांत मोठ्या घटपर्णीपुढे उभं केलं. तो बराच वेळ वाट बघत राहिला.

"ये कुछ करता क्यूं नहीं?"

"करता है. दिखता नहीं, इतनाच."

"अरे काका, दिखना तो चाहिए ना. पिक्चर है."

तरी दोन लहान कुंड्या घेऊन गेलाच. खलनायकाच्या गुहेत ठेवायच्या होत्या. संध्याकाळी परत आणल्या तेव्हा सगळ्या सुरया पापडासारख्या वाळलेल्या. त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. शूटिंगच्या दिव्यांखाली हवा भाजून निघते आणि घटपर्णी जगते ती हवेवर. त्यानंतर मी स्टुडिओत झाड दिलं नाही. कोणी मागायला आलं की सांगायचो, "हिरॉईन द्या इकडे पाठवून, झाड जागचं हलणार नाही."

आता मी ह्या धंद्यात आलो कसा ते थोडक्यात सांगतो. मी मूळचा मालवणकडचा. परळच्या एका गिरणीत साचेवाला होतो आणि चांगला साचेवाला होतो. मग संप झाला. संप लांबत गेला तशी बायको गोरेगाव पूर्वेला अण्णांकडे पोळ्या करायला जाऊ लागली. अण्णा म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. एकटेच राहायचे. घराला लागून मोठी मोकळी जागा होती, तिथे त्यांनी हौसेने रोपं लावली होती आणि निवृत्तीनंतर विकायला सुरुवात केली होती. कुंड्या उचलायला माणूस हवा होता. बायकोने माझं नाव सुचवलं. अण्णांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "परब, झाडांतलं काय कळतं तुम्हाला?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "उत्तम. मग आपलं जमेल."

बाग अण्णांची असली तरी तिच्यातली राणी होती थोरली. थोरली म्हणजे ती मोठी घटपर्णी. अण्णा नोकरीत असताना एलटीसी घेऊन बायकोबरोबर शिलाँगला गेले होते. तिथल्या बाजारातून वहिनींनी हे रोप आणलं. आज ते झाड तिथून आणता येत नाही, कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. परतीच्या सगळ्या प्रवासात वहिनींनी ते मांडीवर धरलं होतं. अण्णांनी सांगितलं, "मी म्हटलं, जरा माझ्याकडे दे. तर म्हणाली, तुम्ही झोपाल." पुढे वहिनी गेल्या. थोरली राहिली. बागेत विकायला असलेली प्रत्येक घटपर्णी ही थोरलीच्याच फांदीची.

ह्या झाडांची कुंडी भरणं हे वेगळंच शास्त्र. किंवा शास्त्र कसलं, सगळं उलटं करायचं. माती नाही, शेणखत नाही, राख नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, धुतलेली नदीची वाळू आणि डोंगराकडून येणारं वाळकं शेवाळ. पाणी पावसाचं, पिंपात साठवलेलं. नळाचं पाणी नाइलाज असला तरच. लोक विचारायचे, इतकं कंजूष कशाला? तर हे झाड ज्या जमिनीत वाढतं तिथे खायला काही नसतंच. म्हणून तर बिचारं माश्या धरायला शिकलं. त्याच्या मुळांना सकस काही सोसत नाही. खत घातलं की मुळं जळतात.

आणि कुंडी बदलायचा दिवस. अण्णांच्या घरात तो ठरलेला होता. मृग नक्षत्र लागलं की त्या दिवशी थोरलीपुढे नारळ फोडायचा आणि मग जिला हवी तिची कुंडी बदलायची. वहिनींनी ही प्रथा घातली होती. नारळ त्या स्वतः फोडायच्या आणि चार थेंब पाणी थोरलीच्या कुंडीत शिंपडायच्या. त्या गेल्यावर नारळ अण्णा फोडू लागले. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. नारळाचं पाणीही त्या मुळांना बरं नाही हे मला पुढे कळलं, पण चार थेंबांवरून मी काय बोलणार?

मी मात्र पंचांगापेक्षा हवा बघायचो. त्याचं कारण गिरणी. बाहेरच्या माणसाला वाटतं गिरणी म्हणजे आवाज आणि कापूस. आम्हा साचेवाल्यांसाठी गिरणी म्हणजे हवा. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. सूत तुटलं की साचा थांबतो. म्हणून आमच्या खात्यात छताखालच्या नळ्यांतून दिवसभर पाण्याचं धुकं सोडायचे. खात्यात पाऊल टाकलं की मला अंगावर कळायचं, आज धागे तुटणार की नाही.

संपाच्या आदल्या पाळीला माझ्या खिशात सुताची एक कांडी राहून गेली होती. गिरणी उघडली की नेऊन ठेवीन म्हणून जपली होती. एकदा बागेत सहज तिचा वीतभर धागा काढला आणि दोन हातांत धरून ताणला. टिकदिशी तुटला. त्याच दिवशी संध्याकाळी घटपर्णीच्या कोवळ्या सुरया टोकाकडून काळ्या पडलेल्या दिसल्या. पुढे पावसाळी हवेत तसाच धागा ताणला, तर तो जरा ताणला जायचा, दम धरायचा. त्या दिवसांत सुरया भराभर फुगायच्या. माझ्या लक्षात आलं, सुताला आणि घटपर्णीला एकच हवा लागते. तेव्हापासून सकाळी आल्यावर माझं पहिलं काम धागा तोडून बघणं. अण्णा लांबून बघायचे आणि मान हलवायचे. पोळ्या लाटता लाटता बायको त्यांना सांगायची, "घरातसुद्धा असंच करतात. वेड आहे जुनं."

गिऱ्हाइकांना हे हवेचं प्रकरण समजावणं सगळ्यांत कठीण. आमच्याकडे दवबिंदूची रोपंही असत. बोटभर उंचीची, लाल, पानांवर चिकट थेंब असलेली. आमच्या कोकणात पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, ही हजारांनी उगवतात. लहानपणी मी त्यांच्यावरून अनवाणी धावलोय, तेव्हा ही कोणी खास मंडळी आहेत हे माहीत नव्हतं. ही रोपं पाऊस संपला की बी टाकून संपतात. तो त्यांचा धर्मच. पण दिवाळीनंतर गिऱ्हाईक रिकामी कुंडी घेऊन भांडायला हजर. मुलुंडचे एक बँकवाले गृहस्थ तर म्हणाले, "तुम्ही आम्हाला मरणारं झाड विकलंत." मी म्हटलं, "कुंडी उकरू नका. कोपऱ्यात ठेवा आणि विसरून जा." पुढच्या पावसात ते स्वतः सांगायला आले. कुंडीभर लाल ठिपके उगवले होते. भांडायला आले होते तेव्हा बायकोला घेऊन आले होते, आनंद सांगायला एकटेच आले.

पण माझं सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक म्हणजे घाटकोपरच्या पेडणेकर वहिनी. आमच्याच गावाकडच्या, वयाने मोठ्या, मला नावाने हाक मारायच्या. त्यांनी थोरलीचं एक रोप नेलं आणि महिन्याभरात निरोप आला, झाड रडतंय. मी जाऊन बघितलं. पानं पिवळी, सुरई एकही नाही, आणि कुंडीला वास. तो वास ओळखायला मालवणच्या माणसाला वेळ लागत नाही.

"वहिनी, काय घालता ह्याच्यात?"

"काय नाय रे. बांगडे धुतलेला पाणी. गुलाबाक घालतंय तसाच."

"ह्याला नका घालू."

"कित्याक? ता झाड मांसाहारी ना? मगे बांगड्याचा पाणी नको म्हणता?"

मी त्यांना समजावलं, की हे झाड वरून खातं आणि खालून फक्त पाणी पितं. तोंडात द्यायचं ते पायाला चोळून उपयोग नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, तळलेला बांगडा दिला आणि मी गेल्यावर पुन्हा तेच चालू ठेवलं असणार. कारण पुढे श्रावणाच्या अखेरीस मी त्या बाजूला गेलो तेव्हा बघतो तर खिडकीतल्या घटपर्णीवर मच्छरदाणी टांगलेली.

"हे काय वहिनी?"

"श्रावण आसा. आमच्या घरात कोण खाणा नाय. झाडान तरी कित्याक खावचा?"

महिनाभर झाडाला एक डास मिळू दिला नव्हता त्यांनी. आणि आत झाड असं बहरलं होतं की बघत राहावं. ताज्या, हिरव्या-तांबड्या सुरया, सगळ्या भरलेल्या. वहिनी म्हणाल्या, "बघ. उपासाचा पुण्य." मी मनात जुळवत होतो. श्रावणात घरात बांगडे नव्हते, म्हणून ते पाणीही नव्हतं. खिडकीतल्या पावसाने कुंडीतला सगळा खारटपणा धुऊन काढला होता. आणि मच्छरदाणी जुनी, सुती होती. ती भिजलेली राहायची, वारा अडवायची आणि उजेड आत सोडायची. वहिनींनी नकळत आमचं साचेखातंच उभं केलं होतं. श्रावण संपल्यावर बांगड्यांचं पाणी पुन्हा घालणार नाही असं मी त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. देवासमोर म्हटल्यावर त्यांनी ते पाळलं.

त्याच्या पुढच्या वर्षी थोरलीवर संकट आलं.

मृग लागला, पण कोरडा. खाडीकडून येणारं दमट वारं बंद झालं होतं आणि डोंगराकडून झळ येत होती. अण्णा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, हातात नारळ घेऊन बागेत आले. थोरलीची कुंडी बदलायला झाली होती, यात वाद नव्हता. शेवाळ कुजून खाली चिखल झाला होता, आंबूस वास येत होता. आणखी वर्षभर तशीच ठेवली असती तर मुळं सडून ती गेलीच असती. अण्णांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. मी धागा ताणला. टिकदिशी तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला.

"अण्णा, आज नको. सूत तुटतंय. पाऊस लागू दे, मग करू."

"परब, मृग काही तुमच्या सुताला विचारून लागत नाही."

"कुंडी बदलली की मुळं काही दिवस पाणी ओढत नाहीत. अशा दिवसांत कोरड्या हवेने पानांतलं पाणी ओढायला नको."

अण्णा नारळाकडे बघत म्हणाले, "तिने एकही मृग चुकवला नाही. आजारात होती तेव्हासुद्धा खुर्ची आणवून इथे बसली होती." मी सूत खिशात ठेवलं. त्यांनी नारळ फोडला. मी कुंडी फोडली.

घटपर्णीची मुळं काळी, केसासारखी असतात. जरा हिसका बसला की तुटतात. मी श्वास धरून काम केलं, तरी कुजलेल्या शेवाळाबरोबर निम्मी मुळं सुटून आली. नवी कुंडी भरली, सावलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पानं लोंबली. नंतर सुरया काठाकडून वाळायला लागल्या, एकेक करून, वरपासून खालपर्यंत. अण्णा खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसले ते उठेनात. बायकोने केलेल्या पोळ्या तशाच झाकून राहू लागल्या. एकदा मी जवळ गेलो तर म्हणाले, "मांडीवर घेऊन आली होती हो, परब. मी एका दिवसात घालवली." त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला राग आला होता, खरं सांगतो, पण तो राग धरून ठेवायला जागाच राहिली नाही.

मी आधी ओली गोणपाटं बांधली. हवा दमट झाली, पण आत अंधार झाला आणि खोडावर पांढरी बुरशी दिसली. गोणपाटं काढली तर पुन्हा झळ. तेव्हा मला घाटकोपरची खिडकी आठवली. आमच्या घरी मच्छरदाणी होती, पण नायलॉनची. नायलॉन पाणी धरत नाही, हे गिरणीवाल्याला कोणी सांगायला नको. पेडणेकर वहिनींची सुती होती. मी तडक त्यांच्याकडे गेलो. सगळं ऐकल्यावर त्यांनी ट्रंकेतून ती काढून दिली आणि बजावलं, "भोक पाडू नको. आणि झाड जगला तर माका सांगाक ये."

बांबू रोवून थोरलीवर मच्छरदाणी टांगली. खाली विटा पसरल्या, त्याही भिजवल्या. अर्धी पानं कापायला हवी होती, कारण इतक्या पानांना पुरेल एवढं पाणी तुटकी मुळं देऊ शकत नव्हती. हे, आणि नारळाचं पाणीही मुळांना बरं नाही ते, अण्णांना कसं सांगावं कळेना. सांगितलं. ते आत गेले, गेलेल्या वहिनींची शिवणाची कात्री घेऊन आले आणि मी दाखवीन ते पान स्वतः कापत गेले. मध्ये एकदा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा कापायला लागले. पिंपातलं पावसाचं पाणी तळाला गेलं होतं, ते फक्त कुंडीसाठी ठेवलं. मच्छरदाणी आणि विटांवर नळाचं मारायचं. जाळी सुकायला आली की भिजवायची, पुन्हा सुकली की पुन्हा. दिवसभर दुसरं काम नाही. तिथून हललं की संपलं.

आणि नेमका त्याच वेळी बाबी आला. बाबी माझा गिरणीतला जोडीदार, शेजारच्या साच्यावरचा. गिरणीत माणसं घेणाऱ्या मुकादमाला, म्हणजे जॉबरला, भेटून तो थेट बागेत येऊन उभा राहिला.

"दत्तू, साचे सुरू होतत. जॉबर नावा घेता. तुझा नाव मी सांगितलंय. सोमवारी येऊन उभो रव."

"पाऊस लागेपर्यंत थांबेल का जॉबर?"

"पावसाचो काय संबंध?"

मी थोरली दाखवली. तो मच्छरदाणीत वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या काटकीक पाणी मारूक तू हंय रवतलस? यार दत्तू, डोक्याची वाट लागली तुझ्या."

अण्णांनी हे सगळं ऐकलं होतं. ते उठून जवळ आले आणि मला म्हणाले, "परब, तुम्ही जा. मी भिजवीन." त्यांचे हात तेव्हा थरथरायचे, बादली अर्धी भरलेलीसुद्धा उचलत नव्हती. मी म्हटलं, "बघतो."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"झाडासाटी गिरण सोडतलात तुमी?"

तिने ताट बाजूला ठेवलं.

"तुमका जावचा आसा?"

"जायचं आहे ना. साच्याचा आवाज अजून कानात येतो."

"आणि झाड?"

"मी गेलो तर मरेल."

रोज अण्णांच्या घरात वावरणारी ती, झाकून राहिलेल्या पोळ्या तिनेच पाहिल्या होत्या. मग म्हणाली, "मगे आधी झाड जगवा. गिरण आपल्यासाटी थांबाक नाय. आपणच तिच्यासाटी खूप थांबलव."

सोमवारी मी गोरेगावला होतो. हातात बादली होती आणि मनात परळ होतं. त्या दिवशी जेवढा धागा मी तोडून बघितला तेवढा कधी तोडला नसेल.

पाऊस लागला. हवा भरली. एके सकाळी धागा ताणला तर तो तुटेना. मच्छरदाणी धुऊन, वाळवून, भोक न पाडता परत केली. थोरली मात्र तशीच, अर्धी काठी आणि चार पानं. खोडाला नखाने हळूच खरवडलं तर आत हिरवं होतं, एवढ्यावर आम्ही दोघं दिवस काढत होतो. मग शेंड्याला एक टोक आलं. त्याचं पान झालं. पानाची दोरी लांबली आणि तिच्या शेवटाला तांदळाएवढा दाणा दिसला. तो रोज थोडा फुगायचा. अण्णा रोज भिंग घेऊन बघायचे. श्रावणात त्याचं झाकण उघडलं. करंगळीएवढी सुरई होती, पण सुरई होती. मी वहिनींना सांगायला घाटकोपरला गेलो. त्या म्हणाल्या, "श्रावणात उघडला? मगे ह्या झाड आमच्याच घरातला."

अण्णांनी मला विचारलं, "तुमच्या गिरणीचं काय झालं, परब?"

"चालू झाली. नावं भरली."

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. नंतर म्हणाले, "आज जेवायला इथेच थांबा." त्यांनी स्वतः पान वाढलं.

गिरणीचं मला वाईट वाटतं. बाबीला आणखी काही वर्षं साचा मिळाला, मला पुन्हा मिळाला नाही. ती गिरणीही पुढे बंद पडली, तेव्हा बाबी म्हणाला, "तूच हुशार निघालस." मी हुशार वगैरे नव्हतो. अण्णांची जागाही आता राहिली नाही, तिथे बिल्डिंग उभी आहे. पण बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठल्या ना कुठल्या खिडकीत थोरलीची फांदी अजून आहे आणि तिला बांगड्यांचं पाणी घालू नका असं सांगायला मी अजून जातो. शिलाँगच्या डोंगरातलं झाड मुंबईच्या हवेत सुरया धरतं ते मी बघून घेतलं. साचेवाल्याने केलेलं काम आहे ते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण मला खरं सांगायचंय ते त्या संकटाच्या पुढच्या वर्षीच्या मृगाचं.

बाकीच्या कुंड्या बदलायच्या होत्या. अण्णा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, नारळ घेऊन आले. आभाळ स्वच्छ होतं. मी काही बोलणार नव्हतो. मागच्या वर्षीचं पुन्हा काढणं मला नको होतं. अण्णांनी नारळ फळीवर ठेवला आणि माझ्यापुढे हात केला.

"सूत द्या."

मी कांडीचा धागा काढून दिला. त्यांनी तो दोन हातांत धरला, ताणला. तुटला. त्यांनी दोन्ही तुकडे नीट बघितले, सदऱ्याच्या खिशात ठेवले, नारळ उचलला आणि घराकडे वळून माझ्या बायकोला हाक मारली, "ह्या नारळाची आज चटणी करा. मृग पुढे ढकललाय."

मग रोज सकाळी आधी अण्णा, मग मी. धागे तुटत राहिले. कांडीवर सूत थोडं उरलं होतं, तरी मी रोज दोन धागे काढत राहिलो. शेवटी पावसाळी हवा आली. अण्णांनी धागा ताणला, पुन्हा ताणला. तुटला नाही. त्यांनी आतून नवा नारळ आणला, थोरलीसमोर उभे राहिले आणि तो माझ्या हातात दिला.

"परब, आता हे तुम्ही करायचं."

मी दगडावर नारळ आपटला. पाणी सुटलं तसे अण्णा लगबगीने पुढे झाले आणि नारळाखाली ओंजळ धरली, कुंडीत एक थेंब पडू नये म्हणून. ओंजळीतलं थोडं ते प्यायले, आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं.